लॉकर क्रमांक ११७ : एका सहकारी बँकेच्या लॉकर सेवेचा अनुभव

सांगलीत, नदीकडच्या जुन्या पेठेतील एका सहकारी बँकेच्या शाखेत २००९ पासून माझा लहान आकाराचा लॉकर आहे. त्याचे भाडे सध्या वर्षाला २,००० रुपये असून त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा पडतो. इतकी वर्षे वापरलेल्या सेवेविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते, परंतु लिहायला बसलो की दरवेळी लेखणी २०१९ च्या ऑगस्टपाशी येऊन थांबत असे. बँकेचे नाव मी देत नाही. पुढे जी तक्रार येईल तिच्यात बँकेपेक्षा माझाच वाटा मोठा आहे आणि त्या वेळचे बहुतेक कर्मचारी आता त्या शाखेत नाहीत. लॉकर घेण्याच्या विचारात असलेल्यांना, विशेषतः नदीकाठच्या गावांतील लोकांना, यातून काही उपयोगी पडले तर पाहावे.

मी मूळचा विट्याकडचा, म्हणजे खानापूर तालुक्यातला. आमच्या दुष्काळी पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडली आणि देशभरच्या सराफपेठांत पसरली. त्यांपैकीच मी एक, आणि माझी उमेद कोइमतुरात गेली. गलाई म्हणजे मोडीचे सोने शुद्ध करण्याचे काम. जुने दागिने मुशीत घालून टाकणखाराबरोबर वितळवायचे, तेजाबात त्यातली चांदी आणि तांबे विरघळवून काढायचे, खाली उरलेला तपकिरी गाळ धुऊन पुन्हा आटवायचा आणि चोख सोन्याची लगड पाडायची. तेजाबाचा पिवळट लाल धूर डोळ्यांत जातो, घसा जळतो, पण मुशीत सोने उकळू लागल्यावर त्याच्यावर जे हिरवट तेज येते ते एकदा पाहिलेला माणूस त्या धंद्यातून सहसा सुटत नाही. मजुरी थोडी असते. खरी बचत झाडलोटीत असते, कारण दुकानातल्या राखेतून, चिंध्यांतून आणि फरशीच्या धुळीतून वर्षभरात जे कण निघतात ते ज्याच्या त्याच्या चिकाटीवर अवलंबून असतात.

माझी चिकाटी दांडगी होती. तिला लोभ म्हणायला मला फार उशीर लागला. मुलगा चौथीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस कोइमतूरला आला होता आणि दिवसभर दुकानात अनवाणी हिंडत असे. तो परत निघाला त्या सकाळी मी त्याला पाटावर बसवून त्याचे पाय पितळी परातीत धुतले. वडील आपले पाय धूत आहेत म्हणून पोरगा लाजून हसत होता, आणि मी ते पाणी फडक्यातून गाळून राखेच्या डब्यात ओतले. त्या पाण्यातून किती सोने निघाले असेल? गुंजेचा विसावा भागही नसेल. आमच्या धंद्यात कारागिरांचे हातपाय असे धुऊन घेतात, त्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नव्हते, आणि त्याला तर ती आजही प्रेमाची आठवण म्हणूनच आठवते.

त्या वर्षी शाळेत पत्रलेखन शिकवल्यामुळे तो मला निळ्या अंतर्देशीय पत्रांवर दर पंधरवड्याला पत्र पाठवू लागला. पत्रे मी वाचत असे, मात्र उत्तर क्वचित देत असे. वाचून झालेली पत्रे टाकून दिली नाहीत, कारण कागद चांगला जाड होता आणि सराफाकडचा गुलाबी कागद विकत घ्यावा लागे. लगड पाडली की ती मुलाच्या पत्रात गुंडाळायची, दोऱ्याने बांधायची, वर वजन आणि तारीख घालायची आणि गावी आलो की लॉकरमध्ये नेऊन ठेवायची, असा माझा शिरस्ता होता. दहा वर्षांत चाळीस तोळे झाले. घरी कोणालाही नेमका आकडा ठाऊक नव्हता.

माझ्यासारख्या माणसाला लॉकर ही सेवा फारच मानवते, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. वहीत सही करायची, अधिकारी आपली किल्ली फिरवतो, मग आपण आपली फिरवायची, दार उघडले की अधिकारी बाहेर जातो. आत काय आहे हे बँक विचारत नाही आणि त्याची नोंदही ठेवत नाही. दोन किल्ल्यांशिवाय दार उघडत नाही, आणि आपली किल्ली हरवली तर लॉकर फोडण्याचा आणि नवे कुलूप बसवण्याचा खर्च आपल्याच डोक्यावर बसतो, म्हणून ती जपावी लागते. मी ती जानव्याला बांधावी तशी करगोट्याला बांधून फिरत असे. शाखेतले लोक सौजन्याने वागत आणि भाड्याची पावती वेळेवर मिळे. नामनिर्देशनाचा अर्ज मात्र मी दरवेळी कोरा परत करीत असे. मॅनेजरसाहेबांनी दोनदा समजावले की, तुमच्या माघारी घरच्यांना वारसाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागतील. मी हसून विषय बदलला. नाव घातले की मुलाला कळणार, कळले की तो मागणार, असा माझा सरळ हिशेब होता.

शाखेचा दोष पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होता. लॉकरची खोली तळमजल्यावर होती, इतकेच नव्हे तर रस्त्यापासून दोन पायऱ्या उतरून तिच्यात जावे लागे. २००५ चा महापूर पाहिलेल्या शहरात, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर, बँकेने अशी जागा का निवडली हे मी कधी विचारले नाही. जवळच्या दुसऱ्या बँकेत वरच्या मजल्यावर लॉकर मिळत होता. त्याचे भाडे वर्षाला ३०० रुपये जास्त होते, म्हणून मी तो घेतला नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढू लागली तेव्हा मी कोइमतूरला होतो आणि मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षासाठी सांगलीत खोली घेऊन राहत होता. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. पाणी ती कधीच ओलांडून गेले होते आणि पुढे ते ५७ फुटांवर पोचले. ७ तारखेला सकाळी मी बँकेत फोन लावला, तो कोणी उचलला नाही. मग मुलाला लावला आणि तो बोलायच्या आत विचारले, "बँकेत पाणी शिरलंय का?"

तो म्हणाला, "अण्णा, आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी लागलंय. मालक गच्चीवर चला म्हणतायत."

"ते होईल. आधी शाखेपर्यंत जाऊन बघून ये. खोलीत पाणी गेलंय का तेवढं सांग."

हे संभाषण मी शब्दशः देत आहे, कारण पुढचे दोन दिवस मी ते मनाशी इतक्या वेळा म्हटले की त्यातला एकही शब्द इकडचा तिकडे होणे शक्य नाही. तो "बरं" म्हणाला. लहानपणापासून मला तो "बरं" याखेरीज दुसरे उत्तर देत आलेला नाही.

दुपारपासून त्याचा फोन बंद झाला. प्रथम मला वाटले की वीज गेली असेल, चार्जिंग संपले असेल. रात्री मात्र झोप आली नाही. ८ तारखेला दुकानातल्या टीव्हीवर बातमी आली की पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आहे. ब्रह्मनाळ आणि सांगली यांच्यातले अंतर मला ठाऊक होते आणि माझा मुलगा त्या बोटीत असण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक ओल्या सदऱ्याकडे मी निरखून पाहत होतो. मुशीत कोणाचे तरी अठरा तोळे उकळत होते. ते तसेच भागीदाराच्या हवाली केले आणि मिळेल त्या गाडीने निघालो. बंगळूर गाठले, तिथून हुबळी, तिथून बेळगाव. कोल्हापूरजवळ पंचगंगेचे पाणी आल्यामुळे महामार्ग बंद झाला होता, आणि बेळगावच्या बसस्थानकावर माझ्यासारखे शेकडो लोक बाकांवर, जमिनीवर, मिळेल तिथे बसले होते. हातातले फोन कोणी खाली ठेवत नव्हते.

१० तारखेला सकाळी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. मुलगाच होता. आपण कुठे आहोत, कसे आहोत, यातले काही सांगण्याआधी तो म्हणाला, "अण्णा, बँकेपर्यंत नाही जाता आलं मला. मारुती चौकाच्या अलीकडंच पाणी छातीला लागलं. रागावू नका."

या वाक्याने माझी काय अवस्था झाली ते लिहिण्याचा मी प्रयत्न करणार नाही. एक गोष्ट मात्र नोंदवतो. गेल्या दोन दिवसांत मला लॉकरची एकदाही आठवण झाली नव्हती, हे त्याने आठवण करून दिल्यावर माझ्या ध्यानात आले. किल्ली करगोट्याला होती, ती बसमध्ये कुशीवर वळताना सारखी टोचत होती, तरीही आठवण झाली नव्हती. आणि ज्याला मी पाण्यात धाडले होते तो पोरगा, स्वतःचा फोन वाहून गेलेला असताना, परक्या माणसाच्या फोनवर माझ्या सोन्याचा हिशेब देत होता. "जेवलास का?" एवढेच मी त्याला कसेबसे विचारले. समोरून काही वेळ आवाज आला नाही. हा प्रश्न माझ्याकडून येईल अशी त्याची अपेक्षा नसावी.

विजापूरमार्गे जत आणि तिथून मिरज असा वळसा घेऊन ११ तारखेच्या संध्याकाळी मी पोचलो. मिरज रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात पूरग्रस्तांचा निवारा होता. दारात खिचडीची पातेली होती, आत सतरंज्यांवर कुटुंबे पसरली होती, आणि एका कोपऱ्यात आरोग्य विभागाची बाई डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटत होती, कारण पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोच्या तापाचा धोका असतो. मुलगा खांबाला टेकून बसला होता. पाण्याखालच्या पत्र्याने त्याचा डावा तळपाय टाचेपासून बोटांपर्यंत चिरला होता आणि त्याला अकरा टाके घातले होते. एका तरुण मंडळाच्या मुलांनी ट्यूबच्या तराफ्यावरून त्याला बाहेर काढले होते. ते नसते तर काय झाले असते याचा विचार मी आजही पुरता करू शकत नाही. पट्टीभोवतीचा चिखल वाळून पायाला चिकटला होता. मी बादलीत पाणी आणले आणि पट्टी भिजणार नाही अशा बेताने तो पाय पुसून काढला. ते पाणी मोरीत ओतताना माझे हात थांबले होते, हे त्याने पाहिले की नाही ते मला माहीत नाही.

आता पुन्हा बँकेकडे वळतो, कारण तिच्या कामाचे मोल त्यानंतरच्या तीन आठवड्यांवरूनच ठरवावे लागेल. पूर ओसरला तरी शाखा बरेच दिवस बंद होती. लॉकरधारकांना कसलाही निरोप आला नाही, दारावर हाताने लिहिलेला एक कागद तेवढा होता. महिनाअखेरीस टोकन देऊन प्रत्येकाला वीस मिनिटे मिळू लागली. भिंतींवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. कुजका, शेवाळी वास इतका होता की पुढे दिवसभर अन्न जाईना. कुलपे गंजून धरली होती, म्हणून लॉकर कंपनीचा कारागीर हातोडी आणि तेलाची बुधली घेऊन उभा होता. त्या कारागिराचे मात्र कौतुक केले पाहिजे. रडणाऱ्या बायकांना धीर देत, एकेक कुलूप सोडवत तो दिवसभर तिथेच होता. एका आजींच्या लॉकरमधून जमिनीच्या कागदांचा लगदा निघाला, तो त्यांनी पदरात घेतला.

मुलगा कुबडीवर माझ्याबरोबर आला होता. त्या खोलीत त्याला मी प्रथमच नेत होतो. दार उघडले तशी आतून काळे पाणी ओघळले. सोन्याला काय होणार, ते जसेच्या तसे होते. मात्र एकाही पुडीवर कागद उरला नव्हता. निळा लगदा लगडींना चिकटला होता, काही ठिकाणी तो खरवडावा लागला. त्याने एक लगड उचलली, अंगठ्याने लगदा बाजूला सारला. एका तुकड्यावर बॉलपेनची अक्षरे अजून लागत होती : "तीर्थरूप अण्णांस". पुढचा शिरसाष्टांग नमस्कार वाहून गेला होता.

"ही माझी पत्रं आहेत?" त्याने विचारले.

मी होय म्हणालो.

"पुड्या बांधायला?"

पुढे तो काही बोलला नाही. रागावलाही नाही, आणि तेच मला सोसेना. चाळीस तोळे शाबूत होते. त्याने नऊ-दहाव्या वर्षी मला काय काय लिहिले होते, शाळेचे, आईचे, म्हशीच्या रेडकाचे, त्यातले मला एक रेडकूच काय ते आठवत होते. वीस मिनिटे संपल्याची सूचना आली तेव्हा आम्ही दोघे तो निळा लगदा वर्तमानपत्रात गोळा करीत होतो. बँकेच्या शिपायाने "कचरा इथंच टाका" असे सांगितले. त्याची काही चूक नव्हती.

नुकसानभरपाईचा प्रश्न त्या वेळी फार जणांनी विचारला आणि बँकेने हात वर केले. तेव्हा ते तिला सहज जमले. पुढे १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लॉकरच्या एका दाव्यात निकाल देताना बँकांना अशी जबाबदारी झटकता येणार नाही असे सांगितले आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करण्यास फर्मावले. ऑगस्ट २०२१ मध्ये नियम आले आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. सहकारी बँकाही त्यांत येतात. त्यानुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेला वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत भरपाई द्यावी लागते. ऐकायला हे भरघोस वाटते, पण हिशेब मांडून पाहावा. माझे भाडे २,००० रुपये, म्हणजे भरपाई फार तर २ लाख. २०२५ मध्ये तोळा लाखाच्या पुढे गेला. अर्थात चाळीस तोळ्यांच्या बदल्यात दोन तोळेही हाती येणार नाहीत. शिवाय पूर, भूकंप, वीज कोसळणे अशा नैसर्गिक आपत्तींत ही जबाबदारी बँकेवर नाही. जागेची योग्य ती काळजी घेणे एवढे मात्र तिच्यावर बंधनकारक आहे. म्हणून सांगली, कोल्हापूर, चिपळूण, महाड अशा गावांत लॉकर घेणाऱ्याने भाडे विचारण्याआधी खोली कोणत्या मजल्यावर आहे ते विचारावे. लॉकरमधील वस्तूंचा विमा बँकेला विकता येत नाही. तो हवा असल्यास विमा कंपनीकडे वेगळा उतरवावा लागतो.

नव्या नियमांनुसार करारनामेही नव्याने करावे लागले. आमच्या शाखेने हे काम मुदतीच्या अगदी तोंडावर, ३१ डिसेंबर २०२३ च्या आधी, मुद्रांकाच्या रांगा लावून उरकले. त्या गर्दीत कलमे वाचायला कोणाला सवड मिळाली नाही, हा मोठा दोष म्हणायला हवा. मी माझा करारनामा घरी नेऊन वाचला. लॉकरमध्ये रोख रक्कम ठेवता येत नाही, सलग तीन वर्षे भाडे थकले तर रीतसर नोटीस देऊन बँक लॉकर फोडू शकते, या गोष्टी पुष्कळांना ठाऊक नसतात.

याच शाखेची सोनेतारण कर्जाची सेवाही मी एकदा घेतली आहे, तिच्याविषयी थोडे. २०२२ मध्ये मुलाला पुण्यात व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आणि फीचा पहिला हप्ता आठ दिवसांत भरायचा होता. मी मोठ्या रुबाबात दोन लगडी घेऊन काउंटरवर गेलो. अधिकाऱ्याने त्या हातातही घेतल्या नाहीत. लगडीवर कर्ज देण्यास बँकांना मनाई आहे. दागिन्यांवर देता येते, आणि नाण्यांवर दिले तरी तेव्हा ते बँकांनी विकलेल्या ठरावीक नाण्यांवरच आणि तेही ५० ग्रॅमपर्यंत देता येत असे. ज्या सोन्यापायी मी पोराचे बालपण पाहिले नाही, ते सोने त्याची फी भरायच्या वेळी तारणालाही चालत नव्हते. सौ.ने हातातल्या पाटल्या आणि बोरमाळ काढून दिली. मूल्यांकन करणाऱ्या सराफाने पाटली कसोटीवर ओढली, कसावर थेंब टाकला, बोरमाळेच्या मण्यांतली लाख वजनातून वजा केली. आयुष्यभर मी दगडाच्या त्या बाजूला बसलो होतो. त्याने लाखेची घट जरा जास्तच धरली होती, निदान आठ आणे भार तरी, आणि एरवी मी त्यावर तासभर वाद घातला असता. मुलगा शेजारी प्रवेशाचा कागद घेऊन उभा होता. मी सही केली. किमतीच्या ७५ टक्क्यांच्या मर्यादेत कर्ज दोन तासांत खात्यावर जमा झाले. या सेवेत मला नाव ठेवायला जागा दिसली नाही. दागिने आमच्यासमोर पिशवीत घालून मोहोरबंद केले आणि वजनाची पावती वाचता येईल अशा अक्षरात दिली. पुढच्याच आठवड्यात सराफ कट्ट्यावर दोन्ही लगडी मोडून मी कर्ज फेडले आणि सौ.चे दागिने सोडवून आणले. पाटल्या तिच्या हातात चढवताना तिने फक्त एवढेच विचारले की, एकूण अशा किती आहेत. मी पहिल्यांदा खरा आकडा सांगितला.

आज शाखेची स्थिती बरीच सुधारली आहे. लॉकरची खोली पहिल्या मजल्यावर नेली, जिन्याला कठडा बसवला, आत उजेड भरपूर आहे. तक्रार उरली आहे ती उद्वाहन, म्हणजे लिफ्ट, नसल्याची. म्हाताऱ्या माणसांना तो जिना जड जातो, आणि बँकेने त्याबद्दल दोन वर्षे नुसती आश्वासने दिली आहेत. लॉकर आता मुलाच्या आणि माझ्या संयुक्त नावावर आहे, दोघांपैकी कोणीही उघडू शकतो, आणि नामनिर्देशनात सौ.चे नाव आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरला एकापाठोपाठ एक अशी चार नावे देता येतात, तो अर्ज शाखेत मागितल्याबरोबर मिळाला. नव्या नियमांमुळे लॉकर उघडला की त्याच दिवशी एसएमएस येतो. संयुक्त नावामुळे आमच्या बाबतीत तो दोन्ही फोनवर येतो, आणि या सेवेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच आहे.

संयुक्त नावाच्या करारनाम्याची प्रत मी मुलाला दिली तेव्हा त्याने ती आढेवेढे घेत घेतली आणि पुण्याच्या खोलीवर कुठल्याशा खणात टाकली. तो अजून एकदाही लॉकर उघडायला गेलेला नाही. आत आता वीसएक तोळे उरले आहेत, तेही गुलाबी कागदात. वाळवलेला निळा लगदा एका काचेच्या बाटलीत भरून मी तीही आतच ठेवली आहे. बँकेच्या करारात दागिने आणि कागदपत्रे असे शब्द आहेत. ही बाटली त्यांतल्या कशात बसते ते मी कोणाला विचारलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात नदी चढू लागल्याची बातमी आली, तेव्हा भाडे भरायला म्हणून मी शाखेत गेलो आणि गेलोच आहे तर लॉकर उघडून पाहिला. संध्याकाळी मुलाचा फोन आला. बँकेचा संदेश त्यालाही गेला होता.

"अण्णा, बँकेत गेला होता?"

"हो. भाडं भरायचं होतं."

"पाणी किती आलंय नदीला?"

मी आकडा सांगितला. धोक्याची पातळी अजून बरीच दूर होती. तो म्हणाला, "मग ठीक. पण उद्यापासून तिकडं जाऊ नका. राहू दे ते तिथं."

मी "बरं" म्हणालो.